आगबोटीचा पाण्याखालचा भाग

१९८८ सालच्या खंडेनवमीला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, निर्मलमधल्या लाकडी खेळण्यांच्या एका घरगुती कारखान्यात एक आगबोट तिच्या मालकाच्या हवाली झाली. बोट सव्वा हात लांब होती. तीन डोलकाठ्या, एक धुराडं, कठड्याशी उभी असलेली नऊ माणसं. वरचा भाग काळा आणि पिवळा होता. पाण्याखाली जाणारा भाग रंगवलेला नव्हता. तो पांढऱ्या मातीचा हात देऊन तसाच ठेवलेला होता.

मूळ बोट लोखंडाची. कंपनी जर्मन, बांधणी स्कॉटलंडची. जर्मनीच्या बंदरातून अमेरिकेला उतारू नेणाऱ्या सुरुवातीच्या आगबोटींपैकी ती एक. ती मोडीत निघून शंभराच्या आसपास वर्षं होऊन गेली होती. आदिलाबाद जिल्ह्यात ती पोहोचली ती पोस्टकार्डाएवढ्या एका तपकिरी चित्रातून, एका इंजिनिअरच्या पाकिटात.

हा इंजिनिअर जर्मन होता. आदिलाबादजवळच्या सिमेंट कारखान्यात भट्टीच्या दुरुस्तीसाठी तो त्या वर्षीच्या आषाढात आला आणि दसऱ्यापर्यंत राहिला. त्याची उतरण्याची सोय शहराला लागून असलेल्या मावला गावात एका अतिथिगृहात होती. मी त्या काळी नागपूरच्या एका मराठी दैनिकाला आदिलाबादहून बातम्या पाठवत होतो. बातमी न्यूजप्रिंटच्या तुकड्यांवर लिहायची, पाकिटात घालायची आणि संध्याकाळच्या नागपूर बसच्या कंडक्टरकडे द्यायची. पाकीट बहुधा पोहोचायचं. कधी ते कंडक्टरच्या पेटीखाली राहून दुसऱ्या दिवशी परत आदिलाबादला यायचं, आणि पाऊस नसलेल्या दिवशी पावसाची बातमी छापून यायची.

परदेशी माणूस आला म्हणून मुलाखत घ्यायला गेलो. भट्टीबद्दल त्याने चार वाक्यं सांगितली. मग पाकिटातून चित्र काढून टेबलावर ठेवलं.

चित्रात बोट डाव्या अंगाने दिसत होती. शिडं अर्धी उघडलेली, धुराड्यातून धूर, खाली समुद्राच्या बारीक रेघा. मागच्या बाजूला फिकट शाईत जर्मन अक्षरं होती. इंजिनिअरचे पणजोबा या बोटीवर कामाला होते. निर्मलला लाकडाची खेळणी होतात असं त्याने ऐकलं होतं. या बोटीची लाकडी प्रतिकृती करून मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. जाताना ती बरोबर न्यायची होती.

चौकशी करतो म्हणालो. पणजोबा बोटीवर नेमकं कोणतं काम करत, हे विचारलं नाही. बातमी लिहिणाऱ्याने विचारायला हवं ते पहिलं हेच होतं.

निर्मलचा तो कारखाना ओळखीचा होता. दर दसऱ्याला तिथली एक बातमी ठरलेली असे. आदिलाबादहून बसने घाट उतरून निर्मलला जायला अडीच तास लागत. पावसाळ्यात घाटातून खाली येताना बसच्या खिडक्यांच्या ताडपत्र्या सोडलेल्या असत आणि आत ओल्या घोंगड्यांचा वास. गल्लीत शिरलं की दुरूनच पोनिकीच्या लाकडाचा वास यायचा. हे लाकूड हलकं असतं, कच्च्या पपईसारखं कापलं जातं, आणि मंद आचेवर वाळवल्यावर त्याला किंचित गोडसर वास येतो. तो वास नंतर कुठे आला नाही.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. भिंतीला लागून सहा पाट. प्रत्येक पाटावर एक कारागीर, समोर लाकडाचा ठोकळा, बाजूला लाकूड तासायची वाकस, पटाश्या, कानशी. सहावा पाट खिडकीखाली होता. उजेड तिथे सर्वांत चांगला, म्हणून बारीक काम त्या पाटावर व्हायचं. घरात मराठी बोलायचे, बाजारात तेलुगू, गिऱ्हाइकांशी हिंदी. सत्तरीतले घरमालक सगळ्यांचे उस्ताद होते.

त्या कारखान्याचे दोन नियम होते आणि दोन्ही या हकिगतीत येतात.

पहिला रंगाचा. उस्तादांच्या वडिलांच्या काळात जंगल खात्याच्या एका अंमलदाराने धनेश पक्षी मागितला होता. कोणी पाहिलेला नव्हता. सांगोवांगीवरून चोच बरोबर कोरली, पण रंग पोपटाचा दिला. अंमलदाराने पक्षी परत पाठवला आणि सोबत खरा, मेलेला धनेशही पाठवला. तेव्हापासून ठरलं, की ऐकलेलं कोरायला हरकत नाही, पण कोणीतरी डोळ्याने पाहिल्याशिवाय रंग द्यायचा नाही.

दुसरा पाटाचा. खंडेनवमीला प्रत्येक कारागीर आपली हत्यारं धुऊन आपल्या पाटावर मांडतो. उस्ताद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि हत्यारांना हळदकुंकू लावतात. ज्याच्या हत्यारांना कुंकू लागलं, त्याचा तो पाट पुढच्या दसऱ्यापर्यंत. एरवी पाटाबद्दल कोणी बोलत नसे.

त्या वर्षी खिडकीचा पाट रिकामा होता. त्यावर बसणारा कारागीर, उस्तादांचा पुतण्या, हिवाळ्यात तापाने गेला होता. पाटावर त्याची हत्यारं फडक्यात बांधून ठेवलेली होती.

"काय पेपरवाले," उस्ताद म्हणाले, "आज कोन मेलं?"

कोणी मेलं नाही, असं सांगून चित्र पुढे केलं. उस्तादांनी ते खिडकीशी नेऊन पाहिलं.

"आगबोट. आमी तं साधी होडी बी केली नाई कदी. दसऱ्याच्या तोंडावर पोपट द्याचे हायत, हत्ती द्याचे हायत. कोन करन हे?"

"मी करते, मामंजी."

आवाज मागच्या दारातून आला. दारात गेलेल्या पुतण्याची बायको उभी होती. वय तिशीच्या आत. डोक्यावर पदर, हात कोपरापर्यंत खळीने माखलेले. चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून सांधे बुजवायचे, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, ही कामं बायका मागच्या पडवीत करत. कोरणं पुरुषांचं. पाटावर बाई बसलेली त्या खोलीत कोणी पाहिली नव्हती.

पहिल्या पाटावर उस्तादांचा मुलगा बसे, म्हणजे तिचा चुलत दीर. खिडकीच्या पाटावर त्याचं मन होतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने मान वर केली नाही.

"करा ना, वहिनी. मावल्याच्या तलावात सोडाची असन तं सांगजा. मी तिकिटं फाडाले बसतो."

खोलीत हशा झाला. ती थांबली आणि हशा संपल्यावर उस्तादांकडे पाहून बोलली.

"माह्या बापानं डोंगा केला होता. जैनथच्या अंगाले, पैनगंगेवर. दोन गाड्या अन् चार बैलं मावत होते त्याच्यात. फळ्या मी धरल्या. वाकस मले चालवता येते."

"डोंगा अन् आगबोट एक नाई, बाई."

"पान्यावर चालतेत ना दोनी."

उस्तादांनी चित्र पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "तुले आगबोट नाई पायजे. तुले तो पाट पायजे."

 ती नाही म्हणाली नाही.

"कापन्यापासून रंगापर्यंत एकटीनं कराचं. कोनी हात नाई लावन. मंग खंडेनवमीले पाहू, त्या हत्याराचं काय कराचं थे."

यावर दिराने वर पाहिलं. तेव्हापासून बोट हे त्या घरातलं पाटाचं भांडण झालं. बाकीच्यांनी ते तोंडाने कधी म्हटलं नाही.

पुढचे दोन महिने निर्मलला पाच फेऱ्या झाल्या. कारण तिचे प्रश्न. ती पडवीत काम करायची. पाट नव्हता म्हणून जात्याच्या खुंट्याला पाठ लावून बसायची आणि ठोकळा पायांच्या तळव्यांत धरायची. प्रश्न लक्षात ठेवायची आणि एकदम विचारायची. ते मी इंजिनिअरकडे मावल्याला न्यायचे, उत्तरं लिहून आणायची आणि पुढच्या फेरीत तिला सांगायची. बोटीची सगळी हकिगत अशी, तिच्या प्रश्नांच्या क्रमाने गोळा झाली.

तिचा पहिला प्रश्न धुराड्याबद्दल होता. "भट्टी हाय तं मंग कापडं काऊन लावले?"

इंजिनिअरचं उत्तर असं, की त्या काळी यंत्रावर पुरता भरवसा नव्हता. भर समुद्रात पंख्याचा दांडा मोडला तर शिडांवर घरी यावं लागे. वारा अनुकूल असला की शिडं लावून कोळसाही वाचवत. जुने खलाशी यंत्राकडे पाहुण्यासारखं पाहत.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "मोटार घेतली तरी बैलं कोनी लगेच इकत नाई."

दुसरा प्रश्न माणसांचा. चित्रात कठड्याशी नऊ ठिपके होते. उतारू एवढेच होते का?

इंजिनिअर हसला होता. उतारू शेकडो असत. पैशावाले वर, खोल्यांत. बाकीचे डेकच्या खाली, लाकडी फळ्यांच्या मजल्यांवर, एकावर एक. बहुतेक शेतकरी, कारागीर, त्यांची बायकापोरं. आपलं अंथरूण आणि आपली ताटली प्रत्येकाने घरून आणायची. हवा खराब असली की वरची दारं बंद करायची. दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. बहुतेक लोक परत यायचे नव्हते. परतीच्या खेपेला माणसं थोडी असत. मग त्या जागेत माल भरायचा. तंबाखू, धान्य, कापसाच्या गाठी.

कापूस म्हटल्यावर तिने हातातली पटाशी खाली ठेवली.

"जाताना मानसं अन् येताना कापूस?"

"हो."

"एकाच जागेत?"

"फळ्या काढून टाकायचे, असं तो म्हणाला."

"आमच्या इथं बी तसंच. कापूस आला का मानसं ओसरीत."

तिने नऊच माणसं केली. दिसलेली तेवढीच. प्रत्येक तुरीच्या दाण्याएवढं, डोक्यावर टोपी. दीर पडवीत पाणी प्यायला आला की त्यांना नावं ठेवायचा. "हा कोन, तलाठी का? अन् हा? लय वाकून राह्यला. उलटी करून राह्यला वाटते." एकदा तीही हसली. तो माणूस खरंच जरा वाकला होता. तिने तो बदलला नाही.

तिसऱ्या फेरीत तिने विचारलं, बोटीचं शेवटी काय झालं.

ती वीस-बावीस वर्षं उतारूंची ने-आण करत होती. मधे एकदा तिच्या बंदराकडे लढाई झाली तेव्हा महिनोन् महिने उभी राहिली. पुढे मोठ्या, वेगवान बोटी आल्या. कंपनीने ती विकली. नव्या मालकाने यंत्र काढून घेतलं आणि नुसत्या शिडांवर मालवाहू म्हणून चालवली. शेवटी डोलकाठ्याही उतरवल्या आणि एका बंदरात कोळसा साठवायला बांधून ठेवली. दुसऱ्या आगबोटी तिच्याजवळ येऊन कोळसा भरून घेत.

"म्हंजे म्हातारपनी दारात बसवली, येनाऱ्या-जानाऱ्याच्या चिलमीले इस्तू द्याले."

हे वाक्य इंजिनिअरला इंग्रजीत सांगायला वेळ लागला. समजल्यावर त्याने ते वहीत लिहून घेतलं.

रंगांचा प्रश्न सोपा निघाला. चित्र तपकिरी होतं, पण त्याच बोटीचं एक रंगीत चित्र इंजिनिअरने लहानपणी आपल्या गावी, एका सार्वजनिक सभागृहात टांगलेलं पाहिलं होतं. अंग काळं, धुराडं पिवळं, कठडा पांढरा, डोलकाठ्या मधाच्या रंगाच्या. त्याने स्वतः पाहिलं होतं, तेव्हा कारखान्याच्या नियमात बसत होतं. उस्तादांनी मान हलवली.

भाद्रपद संपता संपता बोट तयार झाली. डोलकाठ्यांना दोरखंड म्हणून तिने घोड्याच्या शेपटीचा केस ताणला होता. शिडं जुन्या धोतराची, खळ लावून ताठ केलेली, आणि सगळी एकाच वाऱ्याला फुगलेली. धूरही त्याच बाजूला. पिंजलेला कापूस, काजळी लावलेला. बोट फळीवर सपाट बसली होती. हलवली तरी डुलत नव्हती. उस्ताद चारी बाजूंनी फिरले. चूक काढली नाही. त्या खोलीत याचा अर्थ सगळ्यांना कळत असे.

घट बसल्यानंतर तिसऱ्या दिवशी इंजिनिअर सिमेंट कारखान्याच्या जीपमधून निर्मलला आला. खोलीत बूट काढून शिरला. बोट खिडकीच्या पाटाजवळ चौरंगावर ठेवली होती. त्याने आधी लांबून पाहिलं, मग जवळून. वाकलेला माणूस बघून थोडा वेळ थांबला. नंतर गुडघे टेकून खाली बसला आणि बोटीच्या बुडाकडे पाहिलं. दोन्ही हातांनी ती उचलली, तिरपी केली. खाली सपाट लाकूड होतं.

"बाकीची कुठे आहे?" त्याने विचारलं.

ते मराठीत सांगितलं. दिराने हसू दाबायला तोंडावर हात धरला.

ती दारात उभी होती. "फोटोत पानी जिथं हाय तिथवर केली. खाली काई दिसत नाई. अन् डोंग्याचं बूड असंच रायते, सपाट. उलटा करून पाह्यला हाय मी."

बोट पाण्याच्या रेषेशी कापलेली होती. चित्रात होती तेवढी आली होती, आणि चित्रात जी नव्हती तिची उणीव दोन महिन्यांत त्या खोलीतल्या सात माणसांपैकी कोणालाही, आणि बातमीदारालाही, जाणवली नव्हती. पैनगंगेवरचा डोंगा सगळ्यांनी पाहिला होता. समुद्रावरच्या बोटीला पाण्याखाली तेवढंच पोट असतं, हे पाहिलेलं कोणी नव्हतं.

इंजिनिअर हळू बोलत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, पणजोबा भट्टीवर होते. कोळसा ओढायचे. भट्ट्या बोटीच्या तळाशी, पाण्याच्या रेषेखाली. पाळी चार तासांची, मग आठ तास सुटी, मग पुन्हा चार. तिथून समुद्र दिसत नाही, नुसता पलीकडून आदळताना ऐकू येतो. पणजोबांनी घरी सांगितलेलं एवढंच त्याच्यापर्यंत आलं होतं. अकरा वर्षं ते तिथे होते. या बोटीत त्यांची जागा नाही.



दीर म्हणाला, "दोन महिन्यात अर्धी बोट. बाकी अर्धी पुढच्या दसऱ्याले."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडेही पाहिलं नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "काम अधुरं म्हंजे काम नाई."

तिने मला विचारलं, "भाऊजी, यायले विचारा, थे मानूस खरंच अकरा वर्सं खाली होते का?"

हो.

"अन् यायले जाचं कदी हाय?"

दसऱ्याच्या दिवशी हैदराबादहून विमान होतं. खंडेनवमीला सकाळी येऊन बोट घेईन, दुपारी हैदराबादला निघेन, असं त्याने सांगितलं.

"पान्याखालचं कसं असते थे काढून द्या म्हना. मी करते."

इंजिनिअरने जीपमधून सिमेंट कारखान्याचा आराखड्याचा कागद आणला आणि पाटावर पसरून पेन्सिलने बोटीचा खालचा भाग काढला. एक बाजूने, एक मागून, एक आडवा छेद. पोट गोलसर, मध्ये खाली कणा, मागे पंखा आणि सुकाणू. मापं त्याने बोटीवर पट्टी ठेवून घेतली. पंखा पाण्यात कसा फिरतो, हे तिने दोनदा विचारलं. भट्टी कुठे, हेही विचारलं. त्याने एक छोटा चौकोन काढला आणि चौकोनात पणजोबांच्या जागी उभी रेघ मारली.

आता अडचण लाकडाची होती. एवढ्या लांबीचं वाळलेलं पोनिकी कारखान्यात नव्हतं, आणि ओलं लाकूड वापरलं तर चार दिवसांत सांधा सुटतो. तिच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर दोन ओंडके होते. नवऱ्याने मागच्या वर्षी मोठ्या हत्तीसाठी वाळत ठेवलेले. धुराने काळे पडले होते. तिने त्यांतला एक खाली घेतला.

त्यानंतरचे दिवस मी आदिलाबादला होतो. पडवीत काय झालं, ते बायकांनी नंतर सांगितलं. ती दोन दिवस कोरत होती. कणा एकदा फुटला, तो खळीने जोडला. ठेवायला घोडी केली, दोन पायांची, बाप डोंगा दुरुस्तीला काढला की ज्या घोडीवर टेकवायचा तसली. सांध्यावर मातीचे तीन हात दिले. वाळवायला ऊन पुरेना म्हणून भाकरीच्या तव्याजवळ धरून बसली. अष्टमीच्या संध्याकाळी सगळं वाळलं. रंग द्यायचा तेवढा राहिला.

खालच्या भागाला रंग कोणता, हे इंजिनिअरला आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, तांबडा असावा. बोटींना बहुतेक तांबडा असतो. या बोटीचा पाहिला आहे का, असं विचारल्यावर त्याने नाही म्हटलं. चित्रात नव्हता, त्या रंगीत चित्रातही नव्हता.

खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता कारखान्यात पोहोचलो. खोली सारवलेली, उंबऱ्यावर झेंडूचं तोरण. सहाही पाट धुतलेले. पाच पाटांवर हत्यारं मांडलेली होती. सहाव्यावर फडकं सोडलेलं होतं आणि नवऱ्याची वाकस, तीन पटाश्या आणि एक कानस रांगेने लावलेली होती. ती तिने मांडली होती. त्यांच्या शेजारी घोडीवर बोट. वरून काळी, खालून पांढरी.

दीर बोटीपाशी उभा होता. "तांबडा डबा इथंच तं होता, वहिनी. एक हात मारला असता तं झालं असतं. साहेब स्वतः म्हनाला तांबडा."

"म्हनाला. पाह्यला नाई."

"कोन पाहाले येऊन राह्यलं बुडाले?"

तिने घोडी खिडकीकडे सरकवली.

इंजिनिअर साडेदहाच्या आत आला. या वेळी तो सरळ गुडघ्यांवर बसला. पांढऱ्या भागावरून अंगठा फिरवला. कण्यावरून पंख्यापर्यंत, मग परत. पोटाच्या मध्यावर, जिथे कागदावर चौकोन होता, तिथे तिने पटाशीच्या टोकाने एक बारीक उभी चीर कोरली होती. ती त्याला सापडली. तो तिथे थांबला.

रंग का नाही, हे त्याने विचारलं. मी त्याला धनेश पक्ष्याची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, पणजोबांना एवढी स्वच्छ जागा जन्मात मिळाली नसेल. मग बोट घोडीसकट उचलून त्याने उराशी धरली आणि जीपकडे निघाला. जीपमध्ये मागच्या सीटवर त्याने आपली चादर आधीच पसरून ठेवली होती.

जीप गेल्यावर पूजा झाली. उस्तादांनी हातात तबक घेतलं. पहिल्या पाटापासून सुरुवात केली. मुलाच्या हत्यारांना हळद, कुंकू, फूल. दुसरा पाट, तिसरा, चौथा, पाचवा. बायका मागच्या दारात उभ्या होत्या. ती त्यांच्यात होती.

सहाव्या पाटाशी उस्ताद थांबले.

"तांबडा काऊन नाई देल्ला?"

"कोनी पाह्यला नाई, मामंजी."

"साहेबानं परत केली असती तं?"

"केली असती तं केली असती."

उस्तादांनी तबकातल्या कुंकवात अनामिका बुडवली. वाकसेला कुंकू लावलं. मग तीन पटाश्यांना, मग कानशीला. फूल ठेवलं आणि तबक मुलाच्या हातात दिलं. मुलाने ते घेतलं. तो म्हणाला, "चहा मांडा कोनीतरी," आणि मागच्या दारातल्या बायकांना आत यायला वाट मिळाली.

बातमी त्या संध्याकाळी नागपूरच्या बसने पाठवली. दिवाळीच्या आधी, आतल्या पानावर सहा ओळी आल्या. मथळ्यात निर्मलकरांनी जर्मन अभियंत्याला बोट भेट दिली, असं होतं. बोट भेट दिलेली नव्हती. दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते छापून आलं नाही.

दोन वर्षांनी सिमेंट कारखान्याच्या पत्त्यावर इंजिनिअरचं पत्र आलं. आत एक रंगीत फोटो होता. काचेच्या कपाटात घोडीवर ठेवलेली बोट, मागे भिंतीवर तपकिरी चित्र. पाण्याखालचा भाग पांढराच होता. पत्रात त्याने लिहिलं होतं, की बंदरातल्या जुन्या कागदांत शोध घेतला, पण खालच्या रंगाची नोंद मिळाली नाही. फोटो निर्मलला नेऊन दिला. तिने तो पाहिला आणि विचारलं, वाकलेला माणूस अजून हाय का. भिंग लावून पाहिलं. होता.

उस्ताद नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गेले. त्यानंतर तबक मुलाच्या हाती आलं. घाटातला रस्ता रुंद झाला, बसला दोन तास लागू लागले. बातम्या फॅक्सने जायला लागल्या आणि कंडक्टरची गरज संपली.

निर्मलच्या त्या कारखान्यात शेवटचं जाणं १९९७ सालच्या पावसाळ्यात झालं. खोलीत तेव्हा पाच पाट होते. खिडकीच्या चौकटीला आराखड्याचा एक कागद खिळ्याने लावलेला होता. पेन्सिलच्या रेघा पुसट झाल्या होत्या, चौकोन आणि त्यातली उभी रेघ दिसत होती. खाली पाटावर ती बसलेली होती आणि हत्तीचा कान कोरत होती.